लढाई आणि तह
(किन्हवली येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



लढाईचा निकाल रणांगणावर लागतो. परंतु तिचा लाभ कोणास, हे पुढील लेखी कराराने ठरते. आम्हां वकिलांना हे विशेषत्वाने जाणवते. याचा दाखला आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातील वसईतच आहे.

१८०१ साली दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकरास पुण्यात क्रूरपणे ठार मारविले. होळकर व शिंदे यांचे वैर आधीच पेटलेले होते, आणि पेशवा शिंद्यांच्या पक्षास होता. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरनजीक विठोजीचे बंधू यशवंतराव यांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. पुणे विजेत्याच्या हाती आले. पण पेशवा म्हणून करार करण्याचा अधिकार पळालेल्या बाजीरावाकडेच राहिला. तो कोकणातून समुद्रमार्गे वसईस आला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रज कंपनीशी तह केला. कंपनीचे सहा हजार पायदळ कायम बाळगावयाचे, त्याच्या खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख द्यावयाचा आणि इतर सत्तांशी इंग्रजांच्या सल्ल्यावाचून व्यवहार करावयाचा नाही, असे त्याने लिहून दिले. मे १८०३ मध्ये इंग्रजी फौजेच्या बळावर तो पुन्हा गादीवर बसला. तहास विरोध करणारे शिंदे व भोसले त्याच वर्षी युद्धात हरले. भावाभावांच्या भांडणात जिंकले होळकर. धनी झाला तिसराच!

अमेरिकेच्या यादवीतही एका लढाईने असेच राजकारण पालटले. मात्र दिशा वेगळी होती. १७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटिएटम येथे दक्षिणेची चढाई थांबली. पाचच दिवसांत अध्यक्ष लिंकन यांनी बंडखोर राज्यांतील गुलामांच्या मुक्तीची घोषणा केली. ती १ जानेवारी १८६३ पासून अमलात आली. युद्धास गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याचे रूप येताच दक्षिणेस मान्यता देणे ब्रिटनला अवघड झाले. तथापि घोषणेने काम संपले नाही. १८६५ साली घटनादुरुस्ती झाली, तेव्हाच साऱ्या देशातून गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली.

वसईत मुलूख लिहून दिला गेला. तेथील जमीन कसणाऱ्यास कोणी विचारले नाही. अमेरिकेत मात्र गुलामाची मुक्ती राज्यघटनेत नोंदली गेली. म्हणून जयघोष ऐकून समाधान मानू नका. लढाईनंतरचा कागद मागा, वाचा, आणि त्यात आपला हक्क कोठे लिहिला आहे, ते पाहा.