जाळरेषा म्हणजे सडक नव्हे



उन्हाळा आला की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात वणवे पेटतात. वणवा आपोआप क्वचितच लागतो. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून कोणी झाडाखालचा पाला जाळतो. तेंदूला नवी पाने फुटावीत म्हणून कोणी आग लावतो. कोणी पेटती विडी टाकून जातो.

वणवा पसरू नये म्हणून वनखाते रानात पट्टे आखते. उन्हाळ्याआधी त्यांवरचे गवत आणि पाला काढून टाकतात. अशा पट्ट्याला जाळरेषा म्हणतात. आग तिथवर येते. तिला खायला काही मिळत नाही. मग ती थांबते. म्हणून जाळरेषा हवीच.

पण जाळरेषा म्हणजे सडक नव्हे, बरं का! यंत्र लावून रुंद वाट खणली, तर काय होते? झाडांची मुळे तुटतात. माती उघडी पडते. पावसाळ्यात ती नाल्यात जाते आणि नाल्यातून तलावात उतरते. तलाव गाळाने भरला, तर आपल्या धानाला पाणी कुठले? मोकळ्या जागी ऊन पडते, गवत माजते. तेच गवत पुढल्या उन्हाळ्यात वाळून वणव्याचे सरपण होते. शिवाय गाडीवाट झाली, की लाकूडचोराचीही सोय झाली!

मग करावे काय? जुनी बैलगाडीची वाट असेल, तर तीच झाडून जाळरेषा करावी. खराट्याने पाला झाडावा, माती खणू नये. नवी वाट लागलीच, तर ती उतारावरून सरळ खाली नेऊ नये, आडवी न्यावी. नाल्यापासून दूर ठेवावी. आणि मोहाखालचा पाला जाळू नये, झाडून काढावा. आगच लागली नाही, तर वाट कशाला खणावी लागेल?

२००६ साली वनहक्क कायदा झाला. ज्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्या गावच्या ग्रामसभेला आपले रान, प्राणी आणि पाण्याच्या जागा राखण्याचा अधिकार आहे. धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर रानावर असा हक्क मिळाला.

तेव्हा रानात यंत्र येणार असे कळले, तर ग्रामसभेत विचारा : वाट कुठून जाणार? किती रुंद? पावसाचे पाणी कुठे उतरणार? तुम्ही आता वाचायला शिकला आहात. नकाशा मागा, कागद मागा. पुरता वाचा. पटला, तरच सही करा.