माळकरी घरातली मनी

कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून ऐकत असाल, कँटीनच्या रांगेत असाल, नाहीतर पांघरुणात मोबाइल तोंडावर पडेपर्यंत ऐकणारे असाल, सगळ्यांचं स्वागत.

आजचा भाग जरा घरगुती आहे. एका मांजरीची गोष्ट सांगणार आहे. हसू नका. या मांजरीपायी आमच्या घरात तीन भांडणं झाली, मला चार वेळा इंजेक्शनं घ्यायला जावं लागलं, आणि गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माझ्या आजीने आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "अरे, ते चिकनचं दुकान किती वाजता उघडतं?"

तर झालं असं. आम्ही तळवड्यात राहतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, एका बाजूला देहू, म्हणजे तुकोबांचं गाव, नदीपलीकडे म्हाळुंगे आणि चाकणचा कंपन्यांचा पट्टा, आणि मधे आम्ही. आयटी पार्क आहे, त्याच्या आजूबाजूला लेथ मशीनचे छोटे छोटे वर्कशॉप आहेत. डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या या भागात पारा दहाच्या खाली जातो. इंद्रायणीकडून पहाटे धुकं येतं. फर्स्ट शिफ्टवाले माकडटोपी घालून गाड्यांवर कुडकुडत जातात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रात्रपाळीचा वॉचमन तुटकी पॅलेट जाळून शेकोटी करतो.

त्या शेकोटीच्या राखेत मला ती पहिल्यांदा दिसली. पहाटे आग विझलेली, राख अजून कोमट, आणि त्यात अंगाची गोळी करून बसलेली मांजर. पांढरी, काळी आणि भगवी, वर राखेचा थर. बाबा म्हणाले, "बोका दिसतोय." मी म्हटलं, "बाबा, तीन रंगी आहे, म्हणजे मादीच असणार." मांजरात काळा की भगवा हे ठरवणारा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो. हे दोन्ही रंग एकत्र यायचे तर साधारण दोन एक्स लागतात. तीन रंगी बोका फार म्हणजे फारच क्वचित सापडतो. बाबा म्हणाले, "बरं शास्त्रज्ञ, डबा घे आणि निघ."

आजीने तिचं नाव ठेवलं मनी. वाटीत दूध ओतलं, पोळी कुस्करली आणि पायरीवर ठेवलं. आपल्याकडे मांजर म्हटलं की दूध हे ठरलेलंच. मनीने वाटी चाटूनपुसून साफ केली. दुसऱ्या दिवशी जिन्याखाली घाण. तिसऱ्या दिवशीही. शेजारच्या काकू चिडल्या, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. तिला जुलाब लागले होते. पिल्लू मोठं झालं की बऱ्याच मांजरांना दुधातली साखर पचत नाही. मांजर दूध आवडीने पितं, पण पोट साथ देत नाही. आपण आवडीने भजी खातो आणि मग रात्रभर ओवा खातो, तसंच काहीसं.

आता पहिलं भांडण. मांजर पक्का मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा एक घटक त्याला अन्नातूनच मिळावा लागतो, आणि तो मांसात-मासळीत असतो. पोळी-दुधावर मांजर जगताना दिसतं, कारण बाकीची सोय ते उंदीर मारून करत असतं. टॉरिन कमी पडलं की डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. हे मी जेवताना सांगितलं. आमच्या घरात तीन पिढ्या अंडंसुद्धा शिजलेलं नाही. आजी ताट सरकवून म्हणाली, "माझ्या दारात मांस येणार नाही."

दोन दिवस घरात कुणी नीट बोललं नाही. मनी रिकाम्या वाटीशी येऊन बसायची. थंडीत जनावराला जास्त खायला लागतं, कारण अंग गरम ठेवायलाच बरंच खर्ची पडतं. तिच्या बरगड्या दिसत होत्या. आजी खिडकीतून बघायची आणि पडदा ओढायची.

तिसऱ्या दिवशी आजीने मला तो चिकनच्या दुकानाचा प्रश्न विचारला. मी बघतच राहिलो. तिच्या अटी होत्या. भांडं वेगळं, गच्चीवर ठेवायचं, घरात शिजवायचं नाही. आणि एक वाक्य म्हणाली, "तिची भूक तिच्या देवाने दिलीय. माझी माळ तिच्या गळ्यात कशाला घालू?" मंडळी, मी या पॉडकास्टवर मोठमोठ्या लोकांची वाक्यं सांगत असतो, पण हे वाक्य आमच्या स्वयंपाकघरात ऐकलेलं आहे. पुढे जे जे झालं ते सगळं याच वाक्यावर चाललं.

मग मैत्री. मला वाटायचं, खायला दिलं की झाली दोस्ती. कसलं काय! मी हात पुढे केला की ती पत्र्यावर. ताई म्हणाली, "तू तिच्याकडे टक लावून बघतोस. मांजराला ती धमकी वाटते." मग मी पद्धत बदलली. भांडं ठेवायचं, पाच-सहा हात लांब बसायचं, तेही तिरकं, आणि मोबाइल बघायचा. तिने बघितलं तर डोळे हळू मिटायचे, हळू उघडायचे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासलं होतं. माणसाने असे डोळे मिचकावले तर मांजरंही तसंच उत्तर देतात, आणि अनोळखी माणसाच्या जवळ यायला जास्त तयार होतात. आमच्या मनीने उत्तर द्यायला बारा दिवस घेतले. तेराव्या दिवशी ती स्वतः आली आणि माझ्या बुटाला डोकं घासून गेली. हातसुद्धा नाही, बूट! पण मी दिवसभर खूश.

आता सगळ्यात वाईट सकाळ.

बाबांचा छोटा टेम्पो आहे, चाकणला माल पोचवतात. त्याचं इंजिन सीटखाली, खालून शिरायला मोकळी जागा. रात्री टेम्पो आला की इंजिन बराच वेळ गरम राहतं. मांजरांचे पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातली रानमांजरं. ऊब शोधणं त्यांच्या रक्तात आहे. मांजराच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंश असतं, आणि बाहेर तीस अंशांच्या आसपास असेल तेव्हा त्याला खरा आराम. म्हणजे आपल्याला "काय मस्त हवा" वाटते तेव्हाही मांजराला गारच वाटत असतं. मग दहा अंशात ते काय करणार? इंजिनवर जाऊन झोपणार.

साडेपाचला बाबांनी चावी फिरवली आणि असा आवाज आला की वरच्या मजल्यावरचे लोक बाहेर आले. बाबांनी लगेच बंद केलं. मनी खालून बाहेर पडली, शेपटी रक्ताने माखलेली, आणि पायऱ्यांखाली घुसली. बाबा तिथेच स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

मी घाईत गोणपाट टाकून तिला पकडलं. तिने माझ्या मनगटावर चार ओरखडे काढले, रक्त आलं. आई तिला मिक्सरच्या खोक्यात ठेवत होती आणि म्हणत होती, "दुखत असेल बिचारीला, तापाची अर्धी गोळी देऊ का?" ताईने आधी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला, आणि तिकडून ते ओरडलेच, "अजिबात नाही!" पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. तिच्या यकृताला ते पचवता येत नाही. एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. आईने गोळी टाकून दिली आणि कितीतरी वेळ हात धूत राहिली. प्रेमानेच दिली असती ती.

माझं काय झालं? मनगट साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं धुतलं आणि तसाच महापालिकेच्या दवाखान्यात गेलो. रेबीज फक्त कुत्र्यामुळे होतो असं आपल्याला वाटतं, पण मांजरामुळेही होऊ शकतो, आणि लक्षणं दिसायला लागल्यावर त्याच्यावर औषध नाही. रक्त आलं होतं म्हणून जखमेत सीरम दिलं. लस त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. मित्रांनी चेष्टा केली, "मांजरीला घाबरला." करू द्या. तुम्हाला ओरखडा आला, रक्त आलं, तर हळद लावून बसू नका. धुवा आणि जा.

मनीच्या शेपटीचं टोक काढावं लागलं. बाकी ती वाचली. तिला रेबीजची लसही तेव्हाच दिली.

त्या संध्याकाळी बाबांनी स्वतःहून तिचं घर बांधायला घेतलं. वर्कशॉपमधून पॅकिंगचं थर्माकोलचं खोकं आणलं, बाहेरून पुठ्ठ्याचा दुसरा खोका. मांजर जेमतेम शिरेल एवढंच भोक, तेही भिंतीकडे तोंड करून, म्हणजे वारा आत येत नाही. खाली दोन विटा. आईने आत जुनी गोधडी घालायला काढली, पण डॉक्टरांनी सांगितलं, "बाहेर ठेवणार असाल तर कापड नको, दवाने ओलं होतं आणि ओलं राहतं. वाळका पेंढा घाला." बाबा मावळात भाडं घेऊन गेले तेव्हा भाताचा पेंढा घेऊन आले. खोकं मुद्दाम लहान ठेवलं. तिच्याच अंगाच्या उबेने ते गरम व्हायला हवं. मोठा बंगला बांधला तर थंडच राहणार.

आता शेवटचं भांडण, ऑपरेशनचं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मनी साधारण वर्षाची आहे, एकदा व्यालेली आहे, आत्ता गाभण नाही. जखम भरली की नसबंदी करून घ्या. आजी उसळली. "तिची कूस बंद करायची? षष्ठीदेवीचं वाहन आहे ते!"

आई समजावत होती. मांजर नऊ आठवड्यांत वितं, वर्षात दोन-तीनदा विऊ शकतं, पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकतं. पिल्लूसुद्धा पाच-सहा महिन्यांत गाभण राहू शकतं. आजी ऐकेना. मग एका संध्याकाळी शेकोटीवाला वॉचमन आमच्याकडे पाणी प्यायला आला. आजीने सहज विचारलं, "हिची पिल्लं कुठायत रे?" तो म्हणाला, "आजी, पावसाळ्यात चार होती, गोदामामागे. दोन गाडीखाली गेली. एक गारठून गेलं. एक कुत्र्यांनी नेलं. ही आठवडाभर ओरडत फिरत होती."

आजी काही बोलली नाही. रात्री झोपताना म्हणाली, "घेऊन जा तिला."

ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून मनीला उपाशी ठेवायचं होतं. योगायोग बघा, दुसऱ्या दिवशी एकादशी. सकाळी मनी खोक्यात ओरडतेय आणि आजी बाजूला माळ घेऊन बसलीय. म्हणाली, "गप गं. आज आपण दोघी उपाशी." मनीला दवाखान्यात सोडून आम्ही घरी आलो. दुपारी चारला फोन आला, सगळं ठीक आहे. फोन येईपर्यंत आजीने पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "एकादशी आहे ना." पण आजीच्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी असते, मंडळी. ती तशीच झाकून ठेवलेली होती.

मनी आता कुणाची? खरं सांगू, आमची नाही. दिवसभर गोदामांच्या पत्र्यांवर असते. तिच्या डाव्या कानाचं टोक डॉक्टरांनी किंचित कापलंय. नसबंदी झाल्याची ती खूण, म्हणजे कुणी पुन्हा पकडून पोट फाडू नये. रात्री गच्चीवर येते, जेवते, खोक्यात झोपते. मांडीवर एकदाही बसलेली नाही. आधी मला त्याचं वाईट वाटायचं. आता वाटतं, आम्ही तिच्यासाठी जे जे आमच्या मनाने केलं, दूध, गोधडी, गोळी, ते सगळं तिला बाधलं असतं. तिला काय हवंय हे विचारून केलं, तेवढंच तिच्या कामी आलं.

थंडी पुन्हा सुरू झालीय. तुमच्याकडून एकच गोष्ट हवी. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा, हॉर्न वाजवा, दहा सेकंद थांबा. बाबा रोज टेम्पोच्या पत्र्यावर तीन थापा मारतात, मग वाकून खाली बघतात, मगच चावी फिरवतात. उशीर झाला असला तरी.

तुमच्या गल्लीतल्या मनीची गोष्ट व्हॉइस नोटवर पाठवा, निवडक पुढच्या भागात ऐकवू. भाग आवडला तर सकाळी घाईत निघणाऱ्या एका मित्राला नक्की पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत काळजी घ्या, कानटोपी घाला. नमस्कार!