सामंतचं काम कोणाला द्यायचं?

(मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



'तू इतकी वर्षं हौशी नाटकं बसवतोस, त्यावर दहा मिनिटं बोल,' असा संयोजकांचा हुकूम आहे. नाटकाबद्दल बोलायला बसलो तर दहा मिनिटं पुरायची नाहीत. म्हणून एकाच गोष्टीवर बोलतो. नाटकात कोणाला कोणतं काम द्यायचं, म्हणजे पात्रनिवड.

व्यावसायिक नाटकात भूमिकेला शोभेल असा नट शोधतात. आपल्याकडे आधी विचारावं लागतं, 'तुझी पाळी कोणती?' वाळूजला किंवा चिकलठाण्याला कामाला असणारा माणूस या आठवड्यात पहिल्या पाळीला, तर पुढच्या आठवड्यात रात्रपाळीला. बँकेतल्याला मार्च महिन्यात हात लावायचा नाही. शिक्षक मंडळी परीक्षेचे पेपर तपासून होईपर्यंत मिळत नाहीत. त्यामुळे हौशी संस्थेची निम्मी पात्रनिवड कामाच्या वेळापत्रकातच होऊन जाते.

दुसरी अडचण स्त्री भूमिकांची. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा'मध्ये ज्योत्स्ना भोळे यांना रंगभूमीवर आणलं, त्याला आता नव्वद वर्षं उलटून गेली. तरी आजही तालमीला मुलगी हवी असेल तर आधी तिच्या घरी जाऊन चहा प्यावा लागतो. 'रात्री नऊच्या आत घरी आणून सोडू' असा शब्द द्यावा लागतो, आणि तो पाळावाही लागतो. तो एकदा मोडला की पुढच्या नाटकाला त्या घराचं दार उघडत नाही.

या सगळ्यामुळे बरीच वर्षं आमचा हात तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'कडे वळत असे. नाटक १९६७ सालचं. रंगमंचावर पात्रं आठ, त्यांत बायका दोनच. नेपथ्य एका साध्या सभागृहाचं. आणि गंमत अशी की ते नाटकच मुळी एका हौशी मंडळाच्या पात्रनिवडीवर उभं आहे. प्रोफेसर दामले येत नाहीत, रावते आजारी पडतो, मग गावातल्या सामंत नावाच्या साध्या माणसाला साक्षीदार म्हणून उभं करतात. वेळ घालवायला लुटुपुटीचा खटला ठरतो आणि बेणारेबाई आत तोंड धुवायला गेलेल्या असताना बाकीचे त्यांनाच आरोपी ठरवून टाकतात. खेळ म्हणून दिलेली ती भूमिका बाईंना पुढे कशी चिकटते, हे तुम्हाला माहीत आहेच.

हे नाटक मी बसवलं, पण ते मला उशिरा कळलं. आता सांगतो ती गोष्ट त्याचीच आहे. ज्याची ही गोष्ट आहे तो आपलाच वर्गमित्र, आणि आत्ता या सभागृहात बसलेला आहे. त्याला विचारून सांगतोय. 'सांग, पण नाव घेऊ नको,' एवढीच त्याची अट.

राज्य नाट्य स्पर्धेसाठी आम्ही 'शांतता' घेतलं होतं. सामंतचं काम मी याला दिलं. कारखान्यातून सुटला की डबा हातात घेऊन तसाच तालमीला यायचा. सव्वा महिन्यात एकही तालीम बुडवली नाही. सामंतच्या हातात पुतण्यासाठी घेतलेला कापडी हिरवा पोपट असतो. तो पोपट याने घरी वहिनींकडून शिवून आणला. चोच लाल, डोळ्याला शर्टाचं काळं बटण.

स्पर्धेला दहा दिवस राहिले आणि माझा धीर सुटला. त्याच्या तोंडी 'करायलो', 'जायलो' यायचं. परीक्षक काय म्हणतील, मराठवाड्याची मंडळी म्हणून हसतील, असं मला वाटू लागलं. एका संध्याकाळी मी त्याला बाजूला घेतलं आणि त्याचं काम एका सफाईदार बोलणाऱ्या मुलाला दिलं. कारण सांगताना म्हणालो, 'तुझ्या पाळीची अडचण होतेय.' ते खोटं होतं. त्याने पाळी कधीच बदलून घेतली होती.

तो चिडला नाही. 'तुला बरं वाटायलंय ना, मग झालं,' एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तालमीला आला आणि विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करू लागला. प्रयोगाच्या रात्री पोपट त्यानेच नव्या सामंतच्या हातात दिला. शेवटी सामंत तो पोपट बेणारेबाईंजवळ ठेवून निघून जातो. मी विंगेतून बघत होतो, आणि शेजारी हा उभा होता. त्याचे ओठ सामंतच्या वाक्यांबरोबर हलत होते.

प्रयोग ठीक झाला. नंबर आला नाही. आला असता तरी आज मी हेच सांगितलं असतं.

खेड्यातल्या साध्या माणसाची भूमिका मी साध्या माणसाकडून काढून घेतली, कारण तो साधं बोलत होता! आपल्या याच शहरातून 'जिगीषा'ची मंडळी मुंबईला गेली. प्रशांत दळवींनी लिहिलेलं आणि चंद्रकांत कुलकर्णींनी बसवलेलं 'चारचौघी' १९९१ साली साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. आणि मी इथे बसून आपल्याच बोलीला लाजत होतो.

तेव्हापासून मी तीन नियम पाळतो. पहिल्या वाचनाला कोणालाच भूमिका सांगायची नाही, सगळ्यांनी सगळ्यांची वाक्यं वाचायची. बायकांची पुरुषांनी, पुरुषांची बायकांनी. निम्म्या गैरसमजुती तिथेच गळून पडतात. दुसरा नियम, एकदा काम दिलं की आजारपणाशिवाय काढायचं नाही. नट कमी पडला तर दिग्दर्शकाने जास्त तालमी घ्यायच्या. आणि तिसरा, नकार द्यायचा तर खरं कारण तोंडावर सांगायचं. खोटं कारण ऐकणाऱ्यालाही कळतं. तो फक्त बोलत नाही.

सर, बाई, तुम्ही स्नेहसंमेलनात आम्हाला झाडाचं, पहारेकऱ्याचं काम द्यायचात, तेव्हा आम्ही रुसायचो. आज कळतं, वर्गातल्या प्रत्येकाला काहीतरी मिळावं म्हणून तुम्ही नाटकात तेवढी झाडं घालत होतात.

पुढच्या मेळाव्यात आपल्या वर्गाने 'शांतता'चा निदान पहिला अंक करावा, असं मी सुचवतो. सात भूमिकांसाठी वाचन घेऊ. आठवी, सामंतची, मी मोकळी ठेवतोय. ज्याच्यासाठी ठेवतोय त्याने हो म्हणावं, असा आग्रह नाही. नको म्हणण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.

पोपट मात्र माझ्याकडे आहे. इतकी वर्षं कपाटात होता. आज पिशवीत घालून आणलाय. भाषण संपलं की जेवणाच्या आधी तो ज्याचा त्याला देणार आहे.