वाळूत झाड रुजवायचे तर



शताब्दीनिमित्त समुद्राजवळच्या मोकळ्या जागेत झाडे लावण्याचे आपण ठरविले आहे. आम्ही प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या. मुलांच्या हातून लावलेले रोप जगावे, एवढीच आमची इच्छा. पण वाळूत पाणी थांबत नाही, आणि पाण्याबरोबर खतही खाली निघून जाते. नुसते खत टाकून भागत नाही.

उत्तर जर्मनीत आल्टमार्क नावाचा रेताड प्रदेश आहे. तेथे १८५५ साली आल्बर्ट शुल्ट्झ यांनी लुपिट्झ येथील नापीक जमीन घेतली. ते ल्युपिन नावाचे शेंगेचे पीक पेरू लागले व पोटॅशचे खत देऊ लागले. वाळू पिकती झाली. असे का होते, हे १८८६ मध्ये हेलरीगेल यांनी दाखविले. शेंगवर्गी झाडांच्या मुळांवरील गाठींत जंतू राहतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात. पुढे तिकडच्या वनखात्यांनीही पाइनच्या रोपांसाठी ल्युपिन पेरला.

त्याच सुमारास, १८८५ मध्ये, बर्लिनच्या फ्रँक यांनी मुळे आणि बुरशी यांच्या सोबतीला मायकोरायझा हे नाव दिले. जंतुरहित केलेल्या मातीतील पाइनची रोपे खुरटी राहतात आणि जंगलाच्या जिवंत मातीतील रोपे जोमाने वाढतात, हेही त्यांनी दाखविले.

आपल्या किनाऱ्यावरचे फिलाव, म्हणजे कोकणातले सुरू, वाळूत उभे राहते तेही सोबत्याच्या बळावर. त्याच्या मुळांतल्या जंतूला फ्रँक यांच्यावरूनच फ्रँकिया हे नाव आहे.

ल्युपिन मात्र येथे आणू नये. मॉरिशसची किनाऱ्यावरची वाळू प्रवाळाची, चुन्याची. ल्युपिनला चुना मानवत नाही. त्याऐवजी आपण असे करू:

पावसाच्या आरंभी रोपांच्या ओळींमध्ये ताग किंवा चवळी पेरावी. फुलावर येताच कापून तिथेच पसरावी.

खड्ड्यात कुजलेले शेणखत व पालापाचोळा मिसळावा. त्याच जातीच्या निरोगी जुन्या झाडाखालची ओंजळभर मातीही घालावी.

बुंध्याभोवती पाचटाचा थर द्यावा, पण तो खोडाला टेकू नये. पहिला उन्हाळा पाणी चुकवू नये.

आपले पूर्वज या बेटावर उतरले तेव्हा एकाला दुसऱ्याचाच आधार होता, म्हणून ते येथे रुजले. रोपालाही एकटे लावू नका. प्रत्येक कुटुंबाने एक रोप आपले मानावे आणि वर्षभर मुलांना घेऊन त्याला पाणी घालावे, अशी आमची विनंती आहे.

जय मराठी!