जंत : घरगुती उपाय आणि खरा इलाज
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय जेवणाआधी काढण्यासारखा नाही, हे मला मान्य आहे. पण शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर तो काढण्यास कारण आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात १९०९ साली रॉकफेलर यांच्या देणगीतून अंकुशकृमींविरुद्ध मोहीम सुरू झाली. तपासणीत शाळकरी वयाच्या शंभरांतील सुमारे ४० मुलांच्या पोटात हे कृमी निघाले. या मुलांना तोवर आळशी आणि मंद म्हणत असत. उपचार झाल्यावर, जेथे हा रोग जास्त होता तेथेच शाळेतील हजेरी अधिक वाढली, असे पुढे अभ्यासकांना आढळले.

आपल्या वर्गातील एखादी मुलगी दुसऱ्या तासालाच बाकावर डोके टेकत असेल, तर तिला रागावण्याआधी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहावी. आतील भाग गुलाबी न दिसता फिका दिसला, तर अंगात रक्त कमी असण्याची शक्यता मोठी. त्याची कारणे अनेक असतात, पण अंकुशकृमी हे त्यातील एक. हा किडा आतड्याला चिकटून रक्त पितो. एक किडा दिवसाला ०.०३ ते ०.२ मिलिलिटर रक्त घेतो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण असे शंभर किडे असले, तर कमीत कमी धरूनही वर्षाला लिटरभर रक्त जाते. ज्या मुलीला पाळी सुरू झाली आहे आणि जिच्या ताटात घरातल्या सर्वांच्या शेवटी उरलेले पडते, तिने ही तूट कोठून भरून काढावी?

आता हे किडे येतात कोठून? पुष्कळ आया सांगतात, मूल गूळ-साखर फार खाते म्हणून जंत झाले. गोड खाण्याने दात किडतात, जंत होत नाहीत. मोठ्या जंताची मादी रोज सुमारे २ लाख अंडी घालते, परंतु ती अंडी पोटातच फुटून नवे जंत होत नाहीत. ती शौचावाटे बाहेर पडतात, ओल्या मातीत दोन-तीन आठवडे काढतात, आणि मग बोटांतून, भाजीतून, पाण्यातून तोंडात गेली तरच जंत होतो. अंकुशकृमींच्या अळ्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. आपल्या कोकणात पावसाळ्यातील ओली, सावलीची माती त्यांना फार मानवते. सांगायचा मुद्दा असा की जंत पोटात वाढत नाहीत, ते पुन्हा पुन्हा बाहेरून येतात. मोठा जंत साधारण वर्ष-दोन वर्षे जगतो. नवा आत जाऊ दिला नाही, तर जुना आपल्या मरणाने मरतो. कुदरती इलाज म्हणायचा तर तो हाच.

सुतासारख्या बारीक, पांढऱ्या कृमींची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांची मादी रात्री गुदद्वाराबाहेर येऊन अंडी घालते. मूल झोपेत खाजवते, अंडी नखांत बसतात, आणि काही तासांतच ती रोग करण्यास तयार होतात. सकाळी तेच बोट तोंडात जाते. अंडी चादरीवर, कपड्यांवर दोन-तीन आठवडे टिकतात. म्हणून एकाच मुलाला औषध देऊन भागत नाही. घरातील सर्वांनी एकाच दिवशी घ्यावे, दोन आठवड्यांनी दुसरा डोस घ्यावा, आणि चादरी, चड्ड्या गरम पाण्याने धुवाव्यात. वसतिगृहात तर पूर्ण खोलीला औषध द्यावे लागते. ज्या मुलाला खाज येते त्याची चेष्टा करणाऱ्यांपैकी दोघांना तरी तोच आजार असतो, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

लक्षणांबाबत आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत. दात खाणे, तोंडावर पांढुरके डाग, झोपेत लाळ गळणे, यावरून जंत ठरत नाहीत. डागांचे कारण बहुधा कातडीचा कोरडेपणा असतो. बेंबीभोवती दुखणे, भूक मंदावणे, वजन न वाढणे, पोट नगाऱ्यासारखे फुगणे, माती किंवा खडू खावासा वाटणे, रात्री मागच्या बाजूस खाज, आणि अर्थात शौचात किंवा उलटीत किडा दिसणे, यांकडे लक्ष द्यावे. पुष्कळांना काहीच लक्षण नसते. शंका असेल तर शौचाची तपासणी करावी. स्वस्त असते, आणि लाजण्यासारखे त्यात काही नाही.

आता घरगुती औषधांकडे वळतो. आपल्या आज्या वावडिंग देत, पळसपापडी देत, कारल्याचा रस पाजत. हकीम मंडळी किरमाणी ओवा देत. या जुन्या विद्येची मी थट्टा करणार नाही. इब्न सीना यांच्या 'अल् कानून' या ग्रंथात आतड्यातील कृमींचा विचार आहे, आणि किरमाणी ओव्यातून काढलेले सँटोनिन तर डॉक्टरही लिहून देत असत. पण ते जास्त झाले की रोग्याला सर्व जग पिवळे दिसू लागे, म्हणून ते मागे पडले. लाल भोपळ्याच्या बिया पट्टकृमीला सुस्त करतात, मारतातच असे नाही. पपईच्या वाळवलेल्या बिया मधातून देऊन नायजेरियात मुलांवर एक प्रयोग झाला, २००७ साली तो प्रसिद्ध झाला. परिणाम चांगला दिसला, परंतु मुले अवघी ६० होती. भोपळ्याच्या बिया मुलाने आवडीने खाल्ल्या तर खाऊ द्या. मात्र त्यांच्या भरवशावर रक्त कमी असलेल्या मुलीला सहा महिने ताटकळत ठेवू नका. आणि गरोदर स्त्रीने पपईच्या बिया, वावडिंग असे काहीही स्वतःच्या मनाने घेऊ नये.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. पोट फुगून ताठ झाले आहे, हिरवट उलट्या होत आहेत, शौच आणि वारा बंद आहे, अशा मुलाला एरंडेल किंवा कोणताही जुलाब देऊ नका. जंतांचा गोळा आतड्यात अडकलेला असू शकतो. त्याला तोंडाने काहीही न देता तडक इस्पितळात न्यावे.

पट्टकृमीबद्दलही एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'आपण डुकराचे मांस खात नाही, तेव्हा तो किडा आपल्याला होणार नाही,' असे सुशिक्षित माणसेही म्हणतात. अर्धवट शिजलेल्या मांसातून मोठा किडा होतो, हे खरे. मोठ्या जनावराच्या मांसातूनही त्याची एक जात येते, म्हणून कबाब आतपर्यंत शिजलेला असावा. परंतु डुकराच्या पट्टकृमीची अंडी, ज्याच्या पोटात तो किडा आहे अशा माणसाच्या शौचातून बाहेर पडतात. ती न धुतलेल्या हातांतून किंवा कच्च्या भाजीतून पोटात गेली, तर त्यांतील अळ्या मेंदूत जाऊन बसतात आणि आकडी येऊ लागते. शुद्ध शाकाहारी माणसालाही हा रोग होतो. मुलाला आकडी आली तर दुआ जरूर करावी, पण तावीज बांधून स्वस्थ बसू नये, मेंदूची तपासणी करावी. ज्याला आकडी येते त्याने जंतांची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

पाकीचे महत्त्व आपल्या समाजाला सांगायला नको. नखे कापणे हे फितरतीच्या बाबींत मोजले आहे. ती दर जुम्म्याला कापावीत. वजू केल्याने हात ओले होतात, पण नखांखाली चिकटलेली अंडी नुसत्या पाण्याने निघत नाहीत. शौचानंतर आणि जेवणाआधी साबण हवाच. वाडीत, शेतात जाताना पायात चप्पल असावी. कोथिंबीर, मुळा, गाजर वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे. तान्ह्या मुलाची शी निरुपद्रवी समजून उकिरड्यावर टाकतात, ती संडासातच टाकावी. पदाधिकाऱ्यांनाही एक विनंती. साबण चोरीला जातो म्हणून नळाजवळ ठेवत नाही, असे मला एका शाळेत सांगण्यात आले. जाळीच्या पिशवीत घालून तो नळाला बांधून ठेवा.

काही चिठ्ठ्या आल्या आहेत. एका पालकांनी विचारले आहे की शाळेत मिळणारी गोळी द्यावी का. अवश्य द्यावी. राष्ट्रीय जंतनाशक दिनाची मोहीम २०१५ साली काही राज्यांत सुरू झाली आणि २०१६ पासून देशभर आहे. १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल देतात. दोन वर्षांवरील मुलांना ४०० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी, त्याखालील बाळाला अर्धी, कुस्करून. मोठ्यांनी चावून खावी. या औषधाने किड्याला साखर शोषता येत नाही, तो उपाशी मरतो. ज्यांच्या पोटात जंत जास्त असतात त्यांना थोडी मळमळ, पोटदुखी होते आणि थांबते. तेवढ्यावरून गोळीत काही मिसळले असल्याच्या अफवा उठतात आणि त्या दिवशी मुलांना घरी ठेवले जाते. तसे करू नका. मूल तापाने आजारी असेल तर मात्र बरे झाल्यावर द्या.

दुसरी चिठ्ठी एका विद्यार्थिनीची आहे. हा दिवस रमजानात आला आणि रोजा असला तर काय करावे? बाईंना तसे सांगावे, गोळी टाळू मात्र नये. आरोग्य केंद्रातून किंवा आशाताईंकडून ती मागून घ्यावी आणि इफ्तारनंतर जेवण झाल्यावर चावून खावी.