फाशीची कोठडी आणि तिचा पहारा : चांदा ते नागपूर

फाशीच्या शिक्षेविषयीची चर्चा बहुतेक वेळा दोन क्षणांभोवती फिरते. एक, न्यायालयाने शिक्षा फर्मावल्याचा आणि दुसरा, ती अमलात आल्याचा. या दोन क्षणांच्या मध्ये जो काळ जातो, तो कधी महिन्याचा असतो, तर कधी पंचवीस वर्षांहूनही मोठा. या काळात शिक्षा झालेला माणूस ज्यांच्या नजरेसमोर जगतो, त्या तुरुंगशिपायांचा विचार मात्र ना कायद्याच्या ग्रंथांत पुरेसा झाला, ना इतिहासात. चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यप्रदेशाला या विषयाशी स्वतःचे नाते आहे, कारण येथील इतिहासात फाशीची शिक्षा झालेल्यांची परंपरा १८५८ पासून सुरू होते आणि १९४२ मध्ये ती पुन्हा उजेडात येते.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहणे आवश्यक आहे. १८९४ च्या तुरुंग अधिनियमाचे तिसावे कलम फक्त मृत्युदंडाच्या कैद्यांसाठी आहे. शिक्षा होऊन कैदी तुरुंगात येताच त्याची झडती घ्यावी, जवळ ठेवणे धोक्याचे वाटेल ते सर्व काढून घ्यावे, त्याला इतर कैद्यांपासून वेगळ्या कोठडीत ठेवावे आणि त्याच्यावर रात्रंदिवस पहारा असावा, एवढाच त्या कलमाचा सारांश होय. त्यावर आधारलेल्या नियमावल्यांनी पुढचा तपशील भरला : कैद्याला आत ठेवण्यापूर्वी अधिकाऱ्याने कोठडी स्वतः तपासावी, पहारेकऱ्याला कैदी सतत दिसत राहील इतका उजेड रात्रभर असावा, आणि कैद्याने जिवाचे बरेवाईट करण्याचा प्रयत्न केल्यास दार तत्काळ उघडता येईल अशा बेताने किल्ली ठेवावी. या तरतुदी एकत्र वाचल्या, की त्यांतला पेच लक्षात येतो. ज्याला शासन मारणार आहे, त्याने शासनाच्या आधी स्वतःचा जीव घेऊ नये, यासाठी हा सगळा बंदोबस्त आहे. म्हणजे फाशीच्या कोठडीबाहेरच्या शिपायाचे पहिले काम आतल्या माणसाला जिवंत ठेवणे हे आहे, आणि हेच काम तो ज्या दिवसापर्यंत करतो, तो दिवस त्या माणसाच्या मृत्यूचा असतो. इतके विसंगत कर्तव्य दुसऱ्या कोणत्याही सरकारी नोकराच्या वाट्याला क्वचितच येत असेल.

हा अधिनियम होण्याच्या छत्तीस वर्षे आधी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तुरुंगात बाबूराव पुल्लेसूरबापू शेडमाके हे असेच पहाऱ्यात होते. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, त्याबरोबर चांदाही इंग्रजांकडे गेला. मोलमपल्लीचे हे तरुण गोंड जमीनदार १८५८ च्या मार्चमध्ये राजगड परगण्यात उठावाला उभे राहिले; अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. एप्रिलच्या अखेरीस चिंचगुडीजवळ तारखात्याच्या छावणीवर हल्ला होऊन दोन इंग्रज कर्मचारी मारले गेले, आणि तेव्हापासून चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांनी बाबूरावांना पकडण्यासाठी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण वाढवत नेले. जिल्ह्याच्या इतिहासलेखनात असे नोंदले आहे की भोपाळपट्टणमकडे रोहिल्यांनी बाबूरावांना एकदा पकडले होते, परंतु त्यांनी त्या रोहिल्यांचेच मन वळवले आणि ते निसटले. ही नोंद या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे, कारण पहारेकरी आणि बंदी यांच्यात बोलणे सुरू झाले की पहारा कसा बदलू शकतो, याचा तो या प्रदेशातला जुना दाखला आहे. सप्टेंबरात ते पुन्हा पकडले गेले, चांद्याला आणले गेले, त्यांच्यावर खटला चालला, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगाजवळच्या पिंपळाला त्यांना फाशी देण्यात आले. दरवर्षी त्या दिवशी आदिवासी समाज तेथे अभिवादनाला जमतो. २००९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

अटक ते फाशी हा काळ सुमारे एका महिन्याचा. व्यंकटरावांची गोष्ट मात्र वेगळी झाली. ते बस्तरात निघून गेले, १८६० मध्ये बस्तरच्या राजाने त्यांना इंग्रजांच्या हवाली केले, आणि तोपर्यंत दोन वर्षे लोटली होती. त्यांची जमीनदारी जप्त झाली, जन्मठेप झाली, पण जीव वाचला. उठाव एकच, साथीदार तेच, तरी एकाला फास आणि दुसऱ्याला कैद. दोघांच्या कृत्यांत थोडाफार फरक असेलही; परंतु सुडाची घाई ओसरायला मिळालेला वेळ हे या फरकाचे मोठे कारण मानावे लागते. मृत्युदंडाच्या बाबतीत वेळ ही तटस्थ गोष्ट नसते. ती वाचवते, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे, छळतेही.

वेळेने वाचवल्याचा दुसरा दाखला चिमूरचा आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे मिरवणुकीवर गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा मारला गेला आणि खवळलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकाऱ्यांचे प्राण गेले. नंतर आलेल्या फौजेने गावावर, विशेषतः स्त्रियांवर, जे अत्याचार केले, त्यांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले. वर्धा जिल्ह्यातील आष्टीचे प्रकरणही त्याच दिवसाचे. विशेष न्यायालयांनी दोन्ही ठिकाणच्या आरोपींपैकी अनेकांना फाशी फर्मावली. यानंतरची जवळजवळ तीन वर्षे हे लोक मृत्यूच्या छायेत होते, आणि बाहेर अनसूयाबाई काळे यांच्यासारखे कार्यकर्ते त्यांच्या प्राणांसाठी अर्ज, सभा, भेटीगाठी यांचा धडाका लावून होते. महात्मा गांधींनीही या शिक्षांविरुद्ध आवाज उठवला. १९४५ च्या ऑगस्टमध्ये उरलेल्या फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या गेल्या. त्या तीन वर्षांत कोठड्यांबाहेर उभे राहणारे शिपाई याच मातीतले होते, इंग्रज सरकारचा पगार घेणारे आणि ज्यांच्यासाठी गावोगाव सभा होत होत्या अशांवर नजर ठेवणारे. स्वातंत्र्यलढ्याच्या तुरुंग-आठवणींचे दालन मराठीत मोठे आहे. परंतु ते जवळजवळ सगळे कैद्यांनी लिहिलेले आहे, कारण लेखणी त्यांच्याकडे होती. शिपायाकडे होती ती हजेरीची वही.

आजची व्यवस्था अशी आहे. चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने फाशी फर्मावली, तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही. महाराष्ट्रात फाशी देण्याची सोय येरवडा आणि नागपूर या दोनच मध्यवर्ती कारागृहांत आहे. नागपूरचे कारागृह १८६४ सालचे. तेथे ५ नोव्हेंबर १९८४ रोजी दोघा भावांना फाशी झाली आणि त्यानंतर एकतीस वर्षांनी, ३० जुलै २०१५ रोजी, मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातील याकूब मेमनला. त्या दिवशी भल्या पहाटे सर्वोच्च न्यायालयाने सुनावणी घेतली होती. एकतीस वर्षे हा काळ शिपायाच्या अख्ख्या नोकरीइतका होतो. म्हणजे फाशी यार्डात नोकरी करून निवृत्त झालेल्या बहुतेक शिपायांनी एकही फाशी पाहिलेली नसते. त्यांनी पाहिलेली असते ती फाशीची वाट पाहणारी माणसे. फाशी यार्डाचे खरे रोजचे काम हेच आहे.

या वाट पाहण्याला कायद्याची मर्यादा घालण्याचे श्रेय १९७८ च्या सुनील बत्रा निकालाला जाते. तिहारमधील या फाशीच्या कैद्याने आपल्या एकांतवासाला आव्हान दिले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले की तिसाव्या कलमातील वेगळी कोठडी म्हणजे एकांतवास नव्हे, कारण एकांतवास ही स्वतंत्र शिक्षा आहे आणि ती न्यायालयाने दिलेली नसते. शिवाय अपिले आणि दयेचे अर्ज संपून शिक्षा अटळ होईपर्यंत त्या कैद्याला हे कलम लागूच होत नाही. याच बत्राने पुढे न्यायमूर्तींना पत्र लिहून कळवले की एका वॉर्डरने, म्हणजे पहाऱ्यावरच्या तुरुंग कर्मचाऱ्याने, दुसऱ्या एका कैद्याचा पैशासाठी अमानुष छळ केला आहे. त्या पत्रालाच याचिका मानून न्यायालयाने १९७९ च्या डिसेंबरात निकाल दिला आणि तुरुंगांच्या बाहेरून होणाऱ्या देखरेखीचा पाया घातला. ज्याच्यावर पहारा होता, त्यानेच पहाऱ्यावर नजर ठेवली. भारतीय तुरुंगांच्या इतिहासातील ही घटना प्रत्येक कारागृह शिपायाला प्रशिक्षणात शिकवली पाहिजे, इतके तिचे महत्त्व आहे.

तरीही निकाल आणि कोठडी यांच्यातले अंतर टिकून राहिले. मराठी मुलखाच्या सीमेवरील बेळगावच्या हिंडलगा तुरुंगातील एका कैद्याला सुमारे दहा वर्षे एकट्याला ठेवले गेले होते. या बेकायदा एकांतवासामुळे त्याच्या मनाची जी हानी झाली, ती लक्षात घेऊन २०२२ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी रद्द केली. त्या आधी २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान प्रकरणात न्यायालयाने सांगितले होते की दयेच्या अर्जावरील अकारण विलंब हा फाशी रद्द होण्यास पुरेसा आहे, आणि अर्ज फेटाळल्याची लेखी सूचना व प्रत्यक्ष फाशी यांत किमान चौदा दिवस असावेत, म्हणजे कैद्याला मनाची तयारी करता येईल, कुटुंबाला भेटता येईल. राष्ट्रीय विधि विद्यापीठ, दिल्ली येथील प्रकल्प ३९-ए या संशोधन गटाने २०२१ मध्ये मृत्युदंडाच्या ८८ कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ६२ टक्क्यांहून अधिक जणांना मानसिक आजार असल्याचे आढळले. हे आजार न्यायालयाच्या खोलीत दिसत नाहीत. ते रात्री दिसतात, आणि रात्री तेथे फक्त शिपाई असतो. कोणी जेवण सोडले, कोणी भिंतीशी बोलू लागला, कोणी मुलाकातीहून परतल्यावर दोन दिवस तोंड उघडत नाही, हे त्याला सर्वांआधी कळते. पण कळल्यावर त्याने काय करावे याचे शिक्षण त्याला मिळालेले नसते आणि स्वतःच्या मनावर त्याचा जो भार पडतो, तो विचारणारे तर कोणीच नसते.

शिक्षा झालेला प्रत्येक जण खरोखर दोषी असतो असेही नाही. नाशिक जिल्ह्यातील २००३ च्या एका गुन्ह्यात भटक्या जमातींतील सहा गरीब मजुरांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशी फर्मावली. त्यांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हे नंतर सिद्ध झाले, आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. पुण्याच्या १९९४ मधील एका हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला राजस्थानचा मुलगा गुन्ह्याच्या वेळी अवघा बारा वर्षांचा होता, हे मान्य व्हायला अठ्ठावीस वर्षे लागली आणि २०२३ च्या मार्चमध्ये तो नागपूरच्या तुरुंगातून सुटला. बारा वर्षांचे पोर चाळिशीचे होईपर्यंत किती शिपायांच्या पाळ्या त्याच्या दारावरून गेल्या असतील!

याच ठिकाणी शिपायाच्या कामाला नवे महत्त्व आले आहे. १९८० च्या बच्चनसिंग निकालाने फाशी ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणांपुरती ठेवली आणि आरोपी सुधारण्याची शक्यता तपासणे बंधनकारक केले. परंतु ती तपासायची कशावरून, हे बराच काळ संदिग्ध राहिले. मे २०२२ मधील मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालाने ही उणीव भरून काढली. आता शिक्षा ठरवण्यापूर्वी आरोपीची मानसिक तपासणी आणि त्याच्या तुरुंगातील वर्तनाचा अहवाल मागवावा लागतो. हा अहवाल अधीक्षकाच्या सहीने जातो, पण त्यातली माहिती बराकीतूनच येते. ‘वर्तणूक समाधानकारक’ या दोन शब्दांवर एका जिवाचा निर्णय टांगता ठेवणे अन्यायाचे आहे. तो माणूस अक्षरे शिकला का, आजारी सोबत्याची सेवा करतो का, चिडला तर किती वेळाने शांत होतो, हे सांगू शकणारा साक्षीदार सरकारजवळ आहे, त्याच्या अंगावर खाकी आहे, आणि त्याला कोणी विचारत नाही.

गडचिरोलीच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, ती भाषेची. इंद्रावतीपलीकडच्या बस्तरातील माडियांच्या शंभर खुनांच्या प्रकरणांवर व्हेरिअर एल्विन यांनी १९४३ मध्ये जो ग्रंथ लिहिला, त्यात या अरण्यवासी माणसाला तुरुंग किती परका वाटतो याचेही विवेचन आहे. भामरागड वा एटापल्लीच्या माडिया किंवा गोंड बंद्याला नागपूरला नेले, तर तो घरापासून सुमारे तीनशे किलोमीटर दूर जातो. मुलाकातीसाठी कुटुंबाला दोन-तीन दिवसांची मजुरी बुडवावी लागते, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. अशा बंद्याशी त्याच्या भाषेत बोलणारा शिपाई यार्डात नसेल, तर त्याच्या वर्तनाचा अहवाल म्हणजे न समजलेल्या माणसाविषयीचा अंदाज होय. गप्प राहिला तर घुमा, मोठ्याने बोलला तर आडदांड, असे शेरे अशाच अज्ञानातून पडतात, आणि पुढे ते न्यायालयापुढे पुरावा म्हणून जातात.

मृत्युदंड असावा की नसावा, याविषयी वाचकांत मतभेद असणे स्वाभाविक आहे. तो वाद संसदेत आणि न्यायालयात चालू राहील. परंतु तो मिटेपर्यंत थांबावे लागणार नाही अशा तीन गोष्टी विदर्भातील सुजाण नागरिकांनी, वकील संघांनी आणि लोकप्रतिनिधींनी शासनाकडे आग्रहाने मागाव्यात. फाशी यार्डातील शिपायांना मानसिक आजार ओळखण्याचे शिक्षण आणि त्यांच्या स्वतःसाठी समुपदेशन मिळावे. वर्तन अहवालासाठी बंद्याला प्रत्यक्ष पाहणाऱ्या शिपायांचे म्हणणे नावानिशी, लेखी घेतले जावे. आणि चंद्रपूर व नागपूरच्या कारागृहांत गोंडी आणि माडिया जाणणाऱ्या तरुणांची शिपाई म्हणून भरती व्हावी. गडचिरोलीत पोलीस दलासाठी स्थानिक आदिवासी तरुण वर्षानुवर्षे भरती होत आहेत. कारागृह विभागाला तसे करण्यात कोणतीही अडचण नाही.