आमवात : जुनी गोळी आणि नवी औषधे

सकाळी जाग येते, परंतु मूठ वळत नाही. तांब्या उचलताना बोटे दुखतात, ओले कपडे पिळता येत नाहीत. तासा-दीड तासाने हात थोडे मोकळे होतात आणि दिवसाची कामे सुरू होतात. दोन्ही हातांच्या लहान सांध्यांना सूज असून हा क्रम सहा आठवडे चालला, तर त्याला थंडीचे वा वयाचे दुखणे समजणे धोक्याचे ठरते. हा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजेच आमवात, असू शकतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो अधिक आढळतो.

या रोगात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सांध्याच्या आतले पातळ अस्तर सुजून जाड होते आणि कूर्चा व हाड पोखरू लागते. सूज ओसरू शकते. झिजलेले हाड मात्र पूर्ववत होत नाही. म्हणूनच या रोगाच्या उपचारांत पहिल्या काही महिन्यांचे मोल फार मोठे आहे.

वेदनाशामक गोळ्यांनी दुःख कमी होते. हाडाची झीज थांबत नाही. 1948 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोन प्रथम वापरले, तेव्हा जेमतेम हालचाल करू शकणारी एक तरुण स्त्री काही दिवसांतच चालू लागली. 1950 चे नोबेल पारितोषिक या संशोधनास लाभले. पुढे मात्र हाडे ठिसूळ होणे, रक्तातील साखर वाढणे असे दुष्परिणाम दिसून आले. स्टेरॉइड आजही दिले जाते, परंतु अल्प मात्रेत आणि थोड्या काळापुरते.

उपचारांचा खरा पाया घातला तो मेथोट्रेक्सेटने. भीमावरमचे सुपुत्र यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत झालेल्या कार्यातून, रक्ताच्या कर्करोगावरील औषधांचा शोध चालू असता, ते पुढे आले. आमवातासाठी त्याला अमेरिकेत 1988 मध्ये मान्यता मिळाली. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. चुकून रोज घेतल्यास ती प्राणघातक ठरू शकते. तिचा गुण येण्यास सहा ते बारा आठवडे लागतात, आणि पुष्कळ रुग्ण नेमके त्याआधीच औषध सोडून देतात. सोबत फॉलिक आम्ल घेणे, रक्त व यकृताची वेळोवेळी तपासणी करणे आवश्यक असते. गर्भारपणात हे औषध सर्वथा वर्ज्य होय.

एवढ्याने रोग आटोक्यात न आल्यास नव्या औषधांचा विचार होतो. लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी 1992 मध्ये लंडनमध्ये रुग्णांवर दाखवून दिले, की दाह भडकवणारा टीएनएफ हा एकच पदार्थ निष्प्रभ केल्यास सांध्यांची सूज झपाट्याने उतरते. इन्फ्लिक्सिमॅब, इटानरसेप्ट, अडॅलिमुमॅब ही औषधे या वर्गातील होत. ती इंजेक्शनद्वारे दिली जातात आणि महाग असतात. अडॅलिमुमॅबची पहिली जैवसदृश आवृत्ती 2014 मध्ये भारतातच बाजारात आली.

परंतु हाच टीएनएफ शरीरात दडलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवण्याचे कामही करतो. तो रोखला, की सुप्त क्षय उफाळून येऊ शकतो. आपल्या देशात असा सुप्त संसर्ग असंख्य लोकांत असल्याने, इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी छातीचा क्ष-किरण आणि क्षयाची चाचणी टाळून चालत नाही. 2012 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले टोफासिटिनिब गोळीच्या रूपात घेता येते. पण हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या व कर्करोग यांच्या धोक्यामुळे 2021 मध्ये तेथील नियामकांनी त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या.

तात्पर्य, नवे औषध जुन्याला पदच्युत करीत नाही. पुष्कळदा दोन्ही बरोबरच दिली जातात. तीन महिन्यांत सुधारणा दिसावी आणि सहा महिन्यांत रोग शांत व्हावा, असे उद्दिष्ट ठेवून उपचार चालतात. ते न साधल्यास बदलले जातात. रोग समूळ नाहीसा करणारे औषध अद्याप हाती आलेले नाही. तथापि ज्या रुग्णाचे निदान वेळेवर होते आणि जो औषध मध्येच सोडीत नाही, त्याचे हात बहुधा कामाचे राहतात. पहिली सूज आणि पहिली तपासणी यांत जाणारे महिने मात्र कोणत्याही औषधाने परत मिळत नाहीत.